पेन्सविकच्या चर्चयार्डातील कोरीव दगड कसे पाहावेत आणि कशाला हात लावू नये

इंग्लंडमधील ग्लॉस्टरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचकांनी सांगलीहून आलेल्या आईवडिलांना जवळच्या पेन्सविक गावी नेले होते. तेथील सेंट मेरी चर्चच्या आवारात कातरलेल्या, सदाहरित यू वृक्षांच्या रांगांमध्ये दगडी पेट्यांसारखी थडगी पाहून वडिलांनी विचारले की, या पेट्यांमध्ये माणसे आहेत का. आईला कवट्या आणि पंख असलेली बाळे एकाच दगडावर का, हे कळेना. वाचकांना स्वतःला पडलेला प्रश्न वेगळा होता: सतराशे पन्नासच्या आसपासचा लेख स्वच्छ वाचता येतो आणि त्याच्या शेजारचा, ऐंशी वर्षांनंतरचा, पार पुसला गेला आहे, असे का व्हावे? शेवटी त्यांनी असेही कळवले आहे की त्यांच्या राहत्या भागातील चर्चच्या आवारात स्वयंसेवकांचा स्वच्छतेचा दिवस ठरला आहे, तेव्हा सोबत कोणता ब्रश आणि कोणती पावडर न्यावी.

मी दगडी वास्तूंच्या जतनाचे काम करतो. स्थापत्याचे शिक्षण पुण्यात झाले; चुनखडीच्या दगडावरचे काम मात्र इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात आल्यावर, येथील पाथरवटांच्या हाताखाली शिकलो, आणि गेली वीसएक वर्षे बहुतेक काळ अशाच आवारांमध्ये गुडघ्यांवर बसून गेला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पेटीत कोणीही नाही. मृतदेह जमिनीखाली, साध्या मातीत किंवा विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यात असतो. वरची पेटी म्हणजे चार उभ्या पातळ फरश्या, कोपऱ्यांना खांब किंवा कोरीव तुकडे, आणि वर एक जड झाकण. आत विटांचा किंवा दगडगोट्यांचा गाभा, पुष्कळदा निव्वळ पोकळी. पूर्वी श्रीमंतांना चर्चच्या आत, फरशीखाली पुरत असत आणि त्या फरशीवरच लेख कोरत. बाहेरच्या आवारात सतराव्या शतकापूर्वी दगडी खुणा फार थोड्या उभ्या राहिल्या. सामान्य माणसाच्या कबरीवर लाकडी खूण असली तर असे, नाहीतर नुसता मातीचा उंचवटा. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर ज्यांच्याकडे पैसा आला, परंतु चर्चच्या आत हक्काची जागा नव्हती, अशा व्यापारी आणि सधन शेतकरी घराण्यांनी बाहेर दगड उभारण्यास सुरुवात केली. आतली आडवी फरशी बाहेर आणून उचलून धरली, म्हणजे ही पेटी तयार होते.

पेन्सविकमध्ये हे एवढ्या दाटीने का घडले, याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही गावाच्या भूगोलात आहेत. गावाखालच्या दरीत वाहणाऱ्या ओढ्यांवर लोकरी कापडाच्या गिरण्या चालत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत त्या कापडाने गावात पैसा आणला. थडग्यांवर नावापुढे ‘क्लोदिअर’ असा शब्द दिसेल. तो शिंपी नव्हे, तर सूतकताईपासून कापड बाजारात जाईपर्यंतचा सगळा व्यवहार अंगावर घेणारा कापडाचा कारखानदार-व्यापारी होय. दुसरे कारण म्हणजे गावामागची टेकडी. तिच्या खाणींतून निघणारा फिकट, जवळजवळ पांढुरका दगड बारीक पोताचा असून खाणीतून काढला तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, म्हणून टाकीला सहज वश होतो. हवेत पडून वाळला की त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. घरासमोर पैसा आणि घरामागे असा दगड, म्हटल्यावर कारागीर गावातच तयार झाले. त्यांपैकी ब्रायन घराण्याचे नाव ठळक आहे. जोसेफ ब्रायन आणि त्याचे मुलगे यांनी अठराव्या शतकात येथे काम केले, आणि १७८७ मध्ये वारलेल्या जॉन ब्रायनचे स्वतःचे थडगे याच आवारात आहे. दुसऱ्यांच्या थडग्यांवर आयुष्यभर बाळमुखे, फुलांचे हार आणि वेलबुट्टी कोरणाऱ्या या माणसाचे थडगे म्हणजे एक साधा, दगडी पिरॅमिड आहे. आईवडिलांना पुन्हा नेलेत तर तो आवर्जून दाखवावा.

पेटीचे प्रकार येथे पुष्कळ आहेत. काहींच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एस अक्षरासारखी वळणे घेतलेले जाड कोरीव तुकडे असतात, त्यामुळे बाजूने पाहिल्यास थडग्याची आकृती फुगीर कमरेच्या भांड्यासारखी दिसते. काही थडगी उंच, गोल किंवा अनेक बाजूंची असून त्यांना स्थानिक लोक ‘टी कॅडी’, म्हणजे चहाचा डबा म्हणतात. पूर्वेकडे ऑक्सफर्डशरमधील बर्फर्ड गावी आणखी एक प्रकार आढळतो: पेटीच्या झाकणावर आडव्या पन्हाळीचा अर्धगोल दगड, आणि त्याच्या टोकाला शिंपल्याच्या आकारात कोरलेली कवटी. त्यांना ‘बेल टूंब’ म्हणतात, आणि तो अर्धगोल म्हणजे लोकरीचे बांधलेले गाठोडे असल्याचे पर्यटकांना सांगितले जाते. कथा गोड आहे, कारण गाव लोकरीवरच मोठे झाले, आणि १६६६ पासूनच्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये मृतदेह लोकरी कापडातच गुंडाळून पुरण्याची सक्ती होती. न पाळल्यास पाच पौंड दंड होता. तरीसुद्धा मला ती पुरती पटत नाही. त्या काळी शवपेटीवर कापड धरण्यासाठी धातूच्या कमानींची चौकट ठेवीत, आणि बर्फर्डचा पन्हाळीदार अर्धगोल मला गाठोड्यापेक्षा त्या कमानींवर ताणलेल्या कापडासारखा अधिक दिसतो. यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि माझे मत म्हणजे निकाल नव्हे.

आता आईंच्या प्रश्नाकडे वळतो. कवटी, हाडांची फुली, वाळूचे घड्याळ, खणण्याचे फावडे, लांब दांड्याचा विळा, ही सर्व सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या आरंभीची भाषा आहे. तिचा रोख मृतावर नाही, वाचणाऱ्यावर आहे: तुलाही येथेच यायचे आहे. पंख असलेले बालमुख मात्र देह सोडून वर जाणाऱ्या आत्म्याचे किंवा देवदूताचे चिन्ह आहे. अठरावे शतक जसजसे पुढे सरकले तसतशी कवटी मागे पडली आणि बालमुखाने जागा घेतली. पण मधल्या काही दशकांत दोन्ही एकत्र कोरण्याची रीत होती. खाली हाडे आणि वर पंख, म्हणजे देहाचे काय होते आणि आत्म्याचे काय होते, ही दोन विधाने एकाखाली एक मांडलेली असतात. स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप म्हणजे अनंत काळ, उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेले आयुष्य, आणि तुतारी म्हणजे अंतिम दिवसाची हाक.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एक चिन्ह आले ज्याने मराठी माणूस हमखास फसतो. कपड्याने अर्धा झाकलेला कलश पाहून आपल्याला अस्थिकलश आठवतो, आणि तो खरोखर अस्थिकलशच आहे. पण ज्याच्या थडग्यावर तो कोरला आहे त्या माणसाला जाळलेले नव्हते. ग्रीक आणि रोमन अवशेषांच्या आवडीपोटी ते रूप उचलले गेले. इंग्लंडमध्ये आधुनिक, रीतसर दहनाची सुरुवात १८८५ मध्ये वोकिंग येथे झाली, म्हणजे दगडावर कलश येऊन शंभर वर्षे लोटल्यावर प्रत्यक्ष राख आली.

या चिन्हांची यादी पाठ करून फिरणाऱ्यांना मी एक विनंती नेहमी करतो. चिन्हाचा अर्थ लागला की नजर पुढच्या दगडाकडे वळते आणि कोरीव काम पाहायचेच राहून जाते. नमुन्यांची पुस्तके लंडनहून येत असत, आणि गावातला कारागीर त्यातला नमुना घेऊन आपल्या हाताने वळवीत असे. त्यामुळे एकाच घराण्याच्या दोन थडग्यांवरील बालमुखे जवळून पाहिली तर एकाचे गाल फुगलेले आणि दुसऱ्याचा ओठ किंचित मुडपलेला आढळतो. आपल्याकडे सातारा-कोल्हापूर भागात गावाबाहेरच्या वीरगळी पाहताना हीच गोष्ट जाणवते: चंद्र-सूर्य, शिवलिंग, अप्सरा, लढणारा वीर हा क्रम ठरलेला असतो, आणि कारागिराचा हात त्या ठरलेल्या चौकटीच्या आत दिसतो.

वीरगळीचा उल्लेख केला तो तिसऱ्या प्रश्नासाठीही उपयोगी आहे. दख्खनचा काळा बसाल्ट साध्या पावसात विरघळत नाही. पेन्सविक ज्या कॉट्सवोल्ड टेकड्यांत आहे, त्यांचा दगड चुनखडीचा आहे. ज्युरासिक काळात उथळ समुद्रात तयार झालेले माशांच्या अंड्यांएवढे गोल कण चुन्यानेच एकमेकांना चिकटून तो बनला आहे. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, आणि त्यात कोळशाच्या धुरातील गंधक मिसळले की ते जास्त आम्ल होते. म्हणून हा दगड उघड्यावर झिजणारच. प्रश्न इतकाच की शेजारी शेजारी उभे असलेले दोन दगड सारखेच का झिजत नाहीत, आणि जुना का टिकतो.

सर्वांत मोठे कारण म्हणजे थरांची दिशा. गाळाचा दगड समुद्रतळाशी आडव्या थरांनी साचतो. इमारतीत तो तसाच आडवा बसवला तर वरच्या वजनाखाली थर दाबून राहतात. थडग्याची शिळा मात्र उभी आणि पातळ हवी असते, तेव्हा पाथरवट खाणीतला आडवा थरच फरशीसारखा काढून उभा करतो. मग थर उभे होतात, वहीची पाने उभी धरावीत तसे. वरच्या कडेतून पाणी पानांमध्ये शिरते, हिवाळ्यात गोठते, गोठताना फुगते, आणि एके वर्षी कोरीव चेहऱ्याचे पान सगळ्याचे सगळे सुटून खाली पडते. मागे उरलेला भाग गुळगुळीत आणि कोरा असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की लेख झिजला. तो झिजलेला नाही, गळून पडला आहे. उत्तम प्रतीच्या दगडात थर जवळजवळ जाणवत नाहीत, तो कोणत्याही दिशेने कापता येतो, आणि त्याला पाथरवटांच्या भाषेत ‘फ्रीस्टोन’ म्हणतात. सतराशे पन्नासच्या कारागिराने आपल्या टेकडीवरचा असा दगड स्वतः निवडून घेतला असावा, आणि १८३० च्या कारागिराला खाणीच्या हलक्या थरावर भागवावे लागले असावे, हा माझा अंदाज आहे. प्रत्यक्ष दगड पाहिल्याशिवाय त्यापुढे जाणे योग्य नाही.

इतर कारणेही पाहावीत. वर पुढे आलेली कंगणी असेल तर तिच्याखालचा मजकूर पावसापासून वाचतो. झाडाच्या फांदीवरून एकाच जागी थेंब पडत राहिले की तेथे खड्डा होतो. आणि कोरण्याची खोली सर्वत्र सारखी नसते. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी अक्षरे बारीक आणि उथळ झाली, कारण मजकूर लांबला. एकेका शिळेवर आईबाप, चार मुले आणि एक प्रार्थना बसवायची तर अक्षर लहान करण्यावाचून इलाज नसतो.

दगडाने काय फरक पडतो हे पाहायचे असेल, तर एखाद्या शनिवारी लेस्टरशरला जावे. तेथील स्विथलंड भागातील पाटीच्या दगडावर अठराव्या शतकात कोरलेल्या शिळांच्या पाठी ओबडधोबड आहेत, कारण कारागिराने फक्त पुढची बाजू घासून गुळगुळीत केली. पण पुढच्या अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात. लपेटीदार वळणे, केसाएवढ्या बारीक रेषा, सगळे जसेच्या तसे आहे. त्याच परिसरात बीव्हरच्या खोऱ्यातील गावांमध्ये पंख पसरलेल्या, गळ्याभोवती झालर असलेल्या देवदूताचे एक ठरावीक, काहीसे बाळबोध रूप पुन्हा पुन्हा दिसते, आणि तेही तीनशे वर्षांच्या पावसानंतर ताजे आहे. कालवे आणि मग रेल्वे आली तेव्हा मात्र दगडाचे स्थानिकपण संपले. वेल्सची पाटी, ॲबर्डीनचा चकचकीत ग्रॅनाइट, इटलीतील काराराचा पांढरा संगमरवर हे सर्व प्रत्येक गावात पोहोचू लागले. संगमरवर इंग्लंडच्या पावसात उघड्यावर ठेवणे ही मला व्हिक्टोरियन काळाची सर्वांत महागडी चूक वाटते. तोच दगड छपराखाली उत्तम राहतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधील पांढरी स्मारके, उदाहरणार्थ १८११ मध्ये वारलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे, त्याची साक्ष आहेत. उघड्यावर मात्र त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार होऊन हाताला लागतो. संगमरवरावरची अक्षरे पुष्कळदा शिशाची बसवलेली असतात. दगड विरघळतो, शिसे तसेच राहते, आणि अक्षरे हळूहळू दगडाबाहेर डोकावू लागतात. भूगर्भशास्त्रज्ञ ही उंची मोजून, शिळेवरच्या वर्षाशी ताडून, त्या जागेची हवा दगडाला किती खात होती याचा हिशेब काढतात.

पेट्यांचा खरा शत्रू मात्र पाऊस नसून लोखंड आहे. फरश्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून कारागिरांनी आत लोखंडी आकडे घालून त्यांवर वितळवलेले शिसे ओतले. शिसे टिकेपर्यंत ठीक. ते सैल झाले की पाणी आत जाते, लोखंड गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. दगड आतून फुटतो. कोपऱ्यावरचा सुंदर कोरीव तुकडा उभा चिरलेला दिसला आणि चिरेच्या कडेला तांबूस डाग असला, तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही. यावर उपाय म्हणजे थडगे खुणा घालून पूर्ण उतरवणे, लोखंड काढून स्टेनलेस स्टीलचे आकडे बसवणे, पाया पक्का करणे आणि चुन्यात पुन्हा जोडणे. हे काम महाग असते. म्हणूनच मधल्या काळात अनेक ठिकाणी सिमेंटने फटी बुजवण्याचा सोपा मार्ग घेतला गेला. एका गावात असे काम मी दहा वर्षांनंतर पाहिले: सिमेंट ठणठणीत होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दगड पीठ होऊन गळून गेला होता, कारण दगडात शिरलेल्या पाण्याला सिमेंटमधून बाहेर पडता येईना, ते दगडातूनच वाट काढीत राहिले आणि जाताना क्षार मागे ठेवून गेले.

लेख वाचण्यासंबंधी आपण थेट विचारले नव्हते, तरी तीन खाचखळगे सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील मृत्यूपुढे १७२३/४ अशी दोन वर्षे कोरलेली आढळतात, आणि एकच वर्ष असेल तर ते आपल्या हिशेबाने पुढचे असण्याची शक्यता धरावी. दुसरे, ‘रेलिक्ट’ हा शब्द स्त्रीच्या नावापुढे आला तर त्याचा अर्थ विधवा. आज त्या शब्दाचा अर्थ अवशेष असा होतो आणि वाचून चमकायला होते, पण जुन्या लग्नपत्रिकांतील आपले ‘गं. भा.’ ज्यांनी पाहिले आहे त्यांना नवल वाटू नये. तिसरे, शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये येणारा उंच एस हा एफसारखा दिसतो. याशिवाय, केवळ आद्याक्षरे असलेला लहानसा दगड दिसला तर ते वेगळे थडगे समजू नये. डोक्याशी मोठी शिळा आणि पायाशी छोटी, अशी पलंगासारखी जोडी असते, आणि गवत कापणे सोपे व्हावे म्हणून पायाशीचे दगड पुष्कळ ठिकाणी उचलून भिंतीला लावून ठेवले आहेत.

आता स्वच्छतेचा दिवस. पावडर नेऊ नये. कोणतीही. ब्लीच, व्हिनेगर, लिंबू, भांड्याचा साबण, फरशीचे आम्ल, तारेचा ब्रश, पाण्याचा जोरदार फवारा, यांपैकी काहीही चुनखडीच्या कोरीव दगडावर चालत नाही. आम्ल दगड विरघळवते, ब्लीच आणि साबण क्षार मागे सोडतात, आणि फवारा दोन मिनिटांत तेवढा पृष्ठभाग उडवतो जेवढा पावसाला उडवायला पिढी लागली असती. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासण्याची जुनी खोड आहे, तीही सोडावी. कागद ठेवून मेणखडूने ठसा घेणे हा प्रकार घट्ट पाटीच्या दगडावर, परवानगी घेऊन, एखाद्या वेळी करता येतो. खपली धरलेल्या दगडावर कधीच नाही.

दगडावरचे करडे, पिवळे, नारिंगी ठिपके ही घाण नव्हे. ते आपले दगडफूल आहे, म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातले जीव. इंग्लंडच्या चर्चयार्डांत दगडफुलांच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, कारण सखल प्रदेशात जिथे नैसर्गिक खडक उघडा पडत नाही तिथे जुनी थडगी हाच त्यांचा खडक. ती इतकी हळू वाढतात की एखादा ठिपका शिळा उभी राहिली तेव्हापासूनचा असू शकतो. शिवाय काही जातींचे तंतू दगडाच्या कणांत रुतलेले असतात. खरवडले तर ठिपक्यासोबत अक्षराची कडाही येते.

आयव्हीच्या वेलीबद्दल मी अनुभवाने शहाणा झालो, आणि तो अनुभव सुखाचा नाही. कामाच्या पहिल्या वर्षी एका आवारात पेटीवर चढलेला वेल मी उत्साहाने ओढून काढला. वेल आला, आणि त्याच्या मुळांना चिकटून एका बालमुखाचा उजवा गालही आला. तो तुकडा माझ्या तळहातावर होता, पण त्याची मागची बाजू पिठासारखी झाली होती आणि तो परत बसवता आला नाही. वेल जमिनीलगत कापावा, मूळ तसेच सोडावे, आणि वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी. वाळून ठिसूळ झाल्यावर तो कात्रीने तुकडे करीत काढता येतो. दगडाच्या फटीत रुजलेले झुडूप असेल तर तेही उपटू नये.

मग स्वयंसेवकांनी करावे तरी काय? गवत हाताने, कात्रीने कापावे. नायलॉनच्या दोरीचे फिरते यंत्र दगडाच्या पायथ्याशी नेऊ नये. दर उन्हाळ्यात त्याचे फटके खाऊन कित्येक शिळांच्या तळाला खाच पडली आहे. झाकणावर साचलेला पालापाचोळा मऊ केसांच्या ब्रशने हलकेच लोटावा. पडलेले कोरीव तुकडे गोळा करून घरी नेऊ नयेत आणि ढिगाऱ्यातही टाकू नयेत, तर कोणत्या थडग्याच्या कोणत्या बाजूला सापडले ते लिहून चर्चच्या व्यवस्थापकांकडे द्यावेत. आणि प्रत्येक शिळेचे छायाचित्र काढावे, कारण दहा वर्षांनी तीच सर्वांत मोलाची नोंद ठरते. पेटी एका बाजूला कललेली असेल तर तिच्यावर हात टेकू नये, मुलांना चढू देऊ नये. आतला गाभा खचलेला असला तर झाकण कोसळू शकते, आणि ते पाव टनाहून सहज जड असते.

याहून पुढचे कोणतेही काम, मग ते एक फट बुजवणे का असेना, परवानगीशिवाय करता येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याकडून ‘फॅकल्टी’ नावाची लेखी मंजुरी घ्यावी लागते. थडग्याची मालकी चर्चची नसते. ते ज्याने उभारले त्याची, आणि त्याच्यानंतर ज्याच्या स्मरणार्थ ते आहे त्याच्या वारसाची असते, आणि अडीचशे वर्षांनंतर तो वारस बहुधा कोणालाच सापडत नाही. पेन्सविकमधील पुष्कळ थडगी तर संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली आहेत. पुरणे कायमचे बंद झालेल्या आवारांची देखभाल अनेकदा स्थानिक कौन्सिलकडे गेलेली असते, त्यामुळे दिवस ठरवणाऱ्यांनी आधी त्या दोघांना विचारले आहे का, हे आपण नम्रपणे विचारून घ्यावे.

यू वृक्षांविषयी वडिलांनी ऐकलेली, नव्याण्णव झाडांची आणि शंभरावे न जगण्याची गोष्ट पेन्सविकमध्ये सर्वांना ठाऊक आहे. मोजणाऱ्यांना मात्र शंभराहून अधिक झाडे मिळतात. सप्टेंबरमध्ये तेथे ‘क्लिपिंग’ नावाचा विधी होतो, त्याचा या झाडांच्या कातरण्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मिठी मारणे असा होता, आणि मुले हातात हात धरून चर्चभोवती कडे करतात.

पुन्हा जाल तेव्हा ब्रशऐवजी एक हातभर लांबीचा आरसा न्यावा. कबरी पूर्व-पश्चिम खोदलेल्या असतात, डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे अंतिम दिवशी उठणारा माणूस उगवतीकडे तोंड करून उठावा. त्यामुळे उभ्या शिळांचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असते, आणि सूर्य बरोबर दक्षिणेला आला की ऊन त्या तोंडाला घासून जाते. सकाळी सपाट, कोरा वाटलेला दगड तेवढ्या अर्ध्या तासात सावल्यांनी भरून येतो. हिवाळ्यात ही वेळ बाराच्या थोडी पुढे, आणि उन्हाळी घड्याळाप्रमाणे एकच्या थोडी पुढे येते. पेट्यांच्या लांब बाजूंची तोंडे मात्र उत्तरेला आणि दक्षिणेला असतात, आणि उत्तरेच्या बाजूवर ऊन जवळजवळ कधीच पोहोचत नाही, म्हणून तेथे शेवाळही अधिक असते. आरसा तिच्यासाठी आहे. एकाने काही पावले दूर उन्हात उभे राहून कवडसा त्या बाजूवर अगदी तिरका टाकावा, आणि दुसऱ्याने खाली बसून वाचावे.